नस दबली, पण कोठे?

मुळशीतील भातखाचरांच्या लवळे गावी आज सिंबायोसिस विद्यापीठाचे रुग्णालय आहे. आपल्याकडे पूर्वी कमरेतून पायात कळ गेली की उसण भरली म्हणावयाचे, शेक घ्यावयाचा, तेल चोळावयाचे. आता ‘मणक्यात गॅप आहे’ हे घरोघर ऐकू येते. गंमत अशी की, जागा बहुधा कमी झालेली असते! मणक्यांच्या बाजूंना नसा बाहेर पडण्यासाठी जी छिद्रे असतात, ती गादी खचल्याने किंवा हाड वाढल्याने अरुंद होतात आणि नस चिमटते.

व्यथा जुनीच आहे. पाय उचलू न देणारी ‘गृध्रसी’ सुश्रुतसंहितेत आढळते. १७६४ साली नेपल्सच्या कोतुन्योने या दुखण्याचे मूळ नसेत आहे असे ग्रंथ लिहून सांगितले. परंतु नस दबते कशाने, हे कळावयास पुढे पावणेदोनशे वर्षे गेली. शस्त्रवैद्य पाठीतून कूर्चेचा तुकडा काढीत आणि त्यास गाठ म्हणत. बोस्टनच्या जोसेफ बार या अस्थितज्ज्ञाला ते पटेना. मिक्स्टर यांनी काढलेला तुकडा त्याने निरोगी गादीशी ताडून पाहिला; मग जपून ठेवलेले जुने नमुनेही पुन्हा तपासले गेले. कित्येक ‘गाठी’ म्हणजे सरकलेल्या गाद्याच निघाल्या! १९३४ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. दुसऱ्या मताचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे १९५४ साली हॉलंडच्या व्हर्बीस्टने अरुंद मणक्याची खूण वर्णिली: चालताना पाय भरून येतात, वाकले की आराम पडतो.

मग शस्त्रक्रियांचा उत्साह वाढला. पण १९८३ साली नॉर्वेच्या वेबरने दाखविले की, सरकलेल्या गादीच्या रोग्यांत शस्त्रक्रियेचा लाभ पहिल्या वर्षी स्पष्ट दिसतो, चार वर्षांनी फारसा फरक उरत नाही. १९९० साली तर कंबर कधीही न दुखलेल्या ६७ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यांतील साठीपुढच्यांत पाचांतील एकाचा मणका अरुंद निघाला!

म्हणून नुसत्या चित्रावर भिऊन जाऊ नये. व्यायाम, औषधे, नसेजवळचे इंजेक्शन यांनी पुष्कळांना उतार पडतो. तरीही शस्त्रक्रिया सुचविली गेली, तर दुसऱ्या तज्ज्ञाला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: अरुंद छिद्र आणि दुखणारा पाय यांचा मेळ बसतो काय? आणि छिद्र मोकळे करून भागेल, की मणके जोडावेच लागतील? मात्र पाऊल लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर दुसऱ्या मतासाठी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.