काबागृहावरचा सूर्य

पृथ्वीचा अर्धा भाग नेहमी उजेडात असतो आणि अर्धा अंधारात. शाळेच्या पुस्तकातले हे साधे वाक्य. पण याच वाक्यातून मुस्लिम खगोलवेत्त्यांनी किब्ला शोधण्याची एक रीत काढली. तिचा इतिहास आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

मक्का कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सुमारे २१ अंश २५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर काबागृहाच्या माथ्यावर येतो. त्या क्षणी पृथ्वीचा जो अर्धा भाग उजेडात असतो, त्याचा मध्यबिंदू म्हणजे काबा. मग त्या उजेडातल्या कोणत्याही गावी माणसाने सूर्याकडे तोंड केले की त्याचे तोंड आपोआप किब्ल्याकडे होते.

नसीरुद्दीन तूसी (१२०१-१२७४) यांनी १२६१ साली पूर्ण केलेल्या ‘तज़्किरा’ या ग्रंथात ही रीत सांगितली आहे. मंगोलांनी १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त केले, आणि दुसऱ्याच वर्षी मराग्याच्या वेधशाळेचे काम तूसींच्या देखरेखीखाली सुरू झाले. त्यांचे गणित सोपे होते. रेखांशाच्या १५ अंशांना एक तास. गाव मक्केच्या पूर्वेला असेल तर तिथल्या मध्यान्हानंतर तेवढ्या वेळाने, पश्चिमेला असेल तर मध्यान्हाच्या तेवढ्या वेळ आधी सावली पाहावी.

अडचण होती रेखांशातला फरक मोजण्याची. दोन शहरांतली घड्याळे जुळवायची कशी? त्याचे उत्तर त्याआधीच सापडले होते, तेही रात्रीच्या बाजूला. चंद्रग्रहण जिथून दिसते तिथे ते एकाच क्षणी दिसते. फक्त स्थानिक वेळ वेगळी असते. २४ मे ९९७ रोजी ख्वारिज्ममधील काथ येथे तरुण अल-बिरूनीने आणि बगदादमध्ये अबुल वफा यांनी ठरवून एकच ग्रहण पाहिले. दोन्ही ठिकाणच्या वेळांत सुमारे एका तासाचा फरक आला आणि रेखांशांतले अंतर कळले. पुढे १०२५ मध्ये बिरूनीने स्थाननिश्चितीवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. गझनीचा किब्ला अचूक ठरवणे हा त्यामागचा एक हेतू होता.

आपल्याकडे ‘किब्ला म्हणजे पश्चिम’ असे सर्रास मानले जाते. नागपूर जवळजवळ मक्केच्याच अक्षांशावर आहे. तिथे तरी किब्ला थेट पश्चिमेला असावा असे वाटेल. पण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे झुकते. नागपूरचा किब्ला पश्चिमेपासून सुमारे ८ अंश, तर मुंबईचा सुमारे १० अंश उत्तरेकडे आहे.

याचा अर्थ जुन्या मशिदींतल्या नमाजा चुकल्या असा मुळीच नाही. दूरच्या लोकांना काबागृहाची नेमकी रेषा नव्हे, तर त्याची दिशा पुरेशी आहे, असे बहुसंख्य फकीहांनी मानले आहे. दीनने सवलत दिली. तरीही बिरूनी आणि तूसी अचूकतेसाठी झटले. त्यांच्या लेखी इल्म हे ओझे नव्हते.

आज आपण सभासंमेलनांत या नावांचा अभिमानाने उच्चार करतो. पण नव्या मशिदीचा पाया घालताना किब्ल्यावरून वाद झाला तर तो आवाजाच्या जोरावर मिटवतो. त्यासाठी एक ओळंबा आणि बरोबर लावलेले घड्याळ पुरेसे आहे. २८ मे रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी सुमारे २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलैला सुमारे २ वाजून ५७ मिनिटांनी सूर्य काबागृहावर असतो. जुलैत आपल्याकडे ढग असतात, म्हणून मे बरा. ओळंब्याच्या दोरीची सावली जमिनीवर आखून घ्यावी. सावली ज्या बाजूला पडते, तिच्या बरोबर उलट दिशेला किब्ला.

त्या क्षणी आफ्रिका, युरोप आणि आशियाचा बहुतेक भाग उजेडात असतो. अमेरिकेच्या बऱ्याच भागात आणि पूर्व ऑस्ट्रेलियात रात्र असते. उजेडातल्या सगळ्यांना तोच एक सूर्य तीच एक जागा दाखवतो. मदरशातल्या आणि शाळेतल्या मुलामुलींना त्या दिवशी अंगणात उभे करून ही सावली दाखवावी. पूर्वजांच्या नावांचा जयघोष करण्यापेक्षा त्यांचे काम एकदा आपल्या हातांनी करून पाहणे, हाच त्यांचा खरा वारसा आहे.