कूरसचे घर आणि एक वाढीव अक्षर

स्कॉटलंडमध्ये फोर्थच्या खाडीच्या उत्तर काठावर कूरस हे गाव आहे. तेथल्या पिवळ्या गिलाव्याच्या जुन्या घराला ‘कूरस पॅलेस’ म्हणतात. मात्र ते राजाचे घर नव्हे. ते कोळसा आणि मिठाचा व्यापारी जॉर्ज ब्रूस याचे. ते केव्हा बांधले, हे आधी घरालाच विचारू.

मुख्य इमारतीच्या दगडावर 1597 हे साल आणि ‘जी. बी.’ ही आद्याक्षरे कोरली आहेत. उत्तरेकडच्या इमारतीवर साल आहे 1611 आणि अक्षरे ‘एस. जी. बी.’. पुढे लागलेला हा ‘एस’ म्हणजे ‘सर’. म्हणजे या दोन सालांच्या दरम्यान मालकाला सरदारकी मिळाली आणि ती त्याने दर्शनी भागावर मिरवली. सालाचा दगड सगळ्या भिंतींचे वय सांगत नाही, हे भान मात्र हवे. जुनी भिंत तशीच ठेवून नवा दगड बसवता येतो, जुना दगड नव्या भिंतीतही जातो. तरीही येथे किताब आणि साल एकमेकांशी जुळतात. त्यामुळे दोन टप्प्यांची बांधणी मानायला हरकत नाही.

पैसा कोठून आला? 1575 मध्ये कूरसच्या मठाची कोळसाखाण ब्रूसला पट्ट्याने मिळाली, पण घराचे पहिले साल त्यानंतर बावीस वर्षांनी येते. ही मधली पोकळी भरायला एक अनपेक्षित साक्षीदार मदतीला येतो. लंडनचा नावाडी-कवी जॉन टेलर 1618 मध्ये पायी स्कॉटलंडला गेला, ब्रूसचा पाहुणचार घेतला, खाणीत उतरला आणि जे पाहिले ते छापून मोकळा झाला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूत दगडांचा भक्कम गोल कठडा उभारलेला, आतून चाळीस फूट खडक फोडून कोळशाचा थर गाठलेला, आणि तेथून समुद्राखाली मैलभराहून लांब बोगदा. पाणी उपसायला तीन घोडे आणि साखळीला छत्तीस बादल्या : अठरा रिकाम्या खाली जाताना, अठरा भरलेल्या वर येताना. आपल्याकडच्या रहाटगाडग्यावर वाढलेल्या माणसाला हे यंत्र समजावून सांगावे लागणार नाही.

टेलर विनोदी लेखक, आकडे फुगवण्यात त्याला संकोच नसावा. मैलाचा आकडा मी जपूनच घेतो. पण हे काम 28-29 वर्षे चालू आहे, असे तो सहज लिहून जातो. अशा सहज उल्लेखात अतिशयोक्तीचे कारण दिसत नाही. 1618 मधून ती वर्षे वजा केली की 1589-90 हाती येते. खाण आधी, घर सात-आठ वर्षांनी. पहिले घर कोळशाच्या नफ्यावर उभे राहिले हा तर्कच. पण साले त्याच्या बाजूने आहेत.

आतील एका खोलीच्या कमानदार लाकडी छतावर बोधचित्रे रंगवली आहेत. ती जेफ्री व्हिटनीच्या बोधचित्रसंग्रहावरून घेतलेली आहेत, आणि तो संग्रह 1586 मध्ये लायडेन येथे छापला गेला. चित्रे त्यानंतरची, एवढे निश्चित. ती 1597 च्या आसपासची की 1611 च्या, हे पुस्तकावरून ठरत नाही. व्यापाऱ्याच्या घरात असा ग्रंथ पोचला होता, हेही थोडके नाही.

आता प्रसिद्ध गोष्ट. 1617 मध्ये राजा सहावा जेम्स खाण पाहायला आला, जमिनीवरून आत शिरला आणि भर समुद्रातल्या विवरातून वर निघाला. चारी बाजूंनी पाणी पाहून घाबरला आणि ‘दगा! दगा!’ म्हणून ओरडला, असे सांगतात. 1603 मध्ये इंग्लंडला गेल्यावर राजा एकदाच, 1617 मध्ये, स्कॉटलंडला परतला. तेव्हा साल बसते. पण पुढच्याच वर्षी त्याच खाणीत फिरलेला, गमतीच्या शोधात असलेला टेलर या आरोळीबद्दल अक्षर लिहीत नाही. उलट त्याच्या वर्णनात वेगळाच विनोद आहे : लंडनमध्ये राजाला दारूगोळ्याने उडवण्याचा कट करणाऱ्यांनी ही खाण पाहिली असती, तर त्यांनी टेम्सखाली सुरुंग लावून राजाच्या नावा उडवल्या असत्या. राजा, पाणी, भुयार, दगाबाजी हे सारे येथे आहेच. या थट्टेतूनच पुढे किस्सा घडला असेल काय? हा माझा अंदाज. सिद्ध करण्याजोगा दुवा नाही. आरोळी मात्र पुराव्यात धरता येत नाही.

मार्च 1625 च्या वादळात समुद्राने तो दगडी कठडा फोडला, खाण बुडाली, आणि त्याच वर्षी ब्रूस वारला. कूरसच्या मठाच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. पती-पत्नीच्या मूर्तींपुढे आठ मुले गुडघे टेकून बसली आहेत. गावाची भरभराट पुढे ओसरली; घर पाडून नवे बांधण्याइतका पैसा कोणापाशी उरला नाही, म्हणूनच ते टिकले असावे. 1931 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने 1932 मध्ये ते 700 पौंडांना विकत घेतले.