दोन दुष्काळ आणि एक प्रार्थना : पंडिता रमाबाईंचा 'मोकळा दरवाजा'

१.
इ. स. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा एका विद्वान ब्राह्मण कुटुंबाने आपल्याजवळचे सगळे देवापुढे ठेवले. उपास झाले, अनुष्ठाने झाली, दक्षिणा देऊन झाली. तरी आई, वडील आणि थोरली बहीण एकापाठोपाठ एक गेली. वीस वर्षांनी त्याच घरातील धाकटी मुलगी दुसऱ्या दुष्काळात पुन्हा प्रार्थनेला बसली आणि या वेळी तिच्या मनात संकोच नव्हता. हा बदल कसा घडला, ते या धाग्यात पाहू.

२.
ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म १८५८, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत फिरू लागले. मिळेल त्या दक्षिणेवर चूल पेटे.

३.
दुष्काळात दक्षिणा आटली. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. उरलेसुरले द्रव्य धर्मकृत्यांत संपले. अखेर वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. मुलाने, श्रीनिवासाने, 'मी मजुरी करीन' म्हणून त्यांना अडवले, पण तोवर फार उशीर झाला होता. १८९७मध्ये रमाबाईंनी हे अनुभव स्वतः लिहून ठेवले. त्या लेखनात दुःखाइतकाच एक प्रश्न आहे : एवढे सगळे करूनही कोणी ऐकले का नाही?

४.
बहीणभाऊ पायी हिंडत १८७८मध्ये कलकत्त्यास पोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेथेच त्यांनी धर्मशास्त्रे बारकाईने वाचली. शास्त्रांची आपसांत कितीही मते असोत, एका गोष्टीवर त्यांचे एकमत असल्याचे त्यांना आढळले : स्त्रीला पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही. पंडिता म्हणून गौरवलेल्या स्त्रीला त्याच ग्रंथांनी देवाच्या दारी उभे राहण्याचा हक्क मात्र नाकारला होता.

५.
१८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या होत्या आणि मांडीवर तान्ही मनोरमा होती. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला, पुढे इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

६.
येथे अनेकांची समजूत चुकते. बाप्तिस्म्याबरोबर त्या चर्चच्या आज्ञेत गेल्या, असे घडले नाही. त्यांची पाठराखीण असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून धर्मगुरूंच्या अधिकारापर्यंत अनेक मुद्द्यांवर त्या वाद घालतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान घालण्याची त्यांची तयारी नव्हती. देव आणि आपली सदसद्विवेकबुद्धी यांच्यामध्ये त्यांना मध्यस्थ नको होता.

७.
या आग्रहाला ख्रिस्ती धर्मग्रंथातच आधार होता. यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्रस्थानापुढे पडदा असे. वर्षातून एकदाच, एकट्या प्रमुख याजकाने त्याच्याआड जायचे. नव्या करारातील 'इब्री लोकांस पत्र' सांगते, की ख्रिस्तामुळे ही वाट सर्वांस खुली झाली, म्हणून गरजेच्या वेळी भीड न धरता कृपासनाजवळ जावे. येथे मूळ ग्रीक शब्द आहे 'पॅरेसिया'. अथेन्सच्या लोकसभेत नागरिकाला निर्भीडपणे बोलण्याचा जो हक्क असे, त्यालाही हाच शब्द वापरत. म्हणजे या 'धैर्या'त शौर्यापेक्षा हक्काचा अर्थ अधिक आहे. घरच्या लेकराला जसे दार ठोठवावे लागत नाही, तसा.

८.
रमाबाईंना हा हक्क बुद्धीला पटला होता; अंगी मुरायला मात्र वेळ लागला. १९०७मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांना जाणवले : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. आपण अजून पात्रता सिद्ध करण्याच्या धडपडीत आहोत, हे त्यांच्या ध्यानी आले. अनुष्ठानांचे रूप बदलले होते, हिशेब तोच राहिला होता.

९.
दरम्यान ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे संस्थेचे धोरण होते. रमाबाई मुलीसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये यावरून वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

१०.
दार लावून घ्यावे, एवढीच एका अर्थी मागणी होती. रमाबाईंनी ते लावले नाही. कोणावर सक्ती करणार नाही आणि कोणाला अडवणारही नाही, ही त्यांची भूमिका. टीकाकारांची शंकाही पोकळ नव्हती : जिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी संस्थेवर आहे, त्या मुलीची 'स्वेच्छा' कितपत स्वतंत्र असते? हा प्रश्न पुढेही त्यांच्या कार्याची पाठ सोडणार नव्हता.

११.
याच काळात त्यांच्या वाचनात जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र आले. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुले सांभाळणाऱ्या या गृहस्थाने नेम केला होता, की पैशासाठी माणसांपुढे हात पसरायचा नाही, गरज देवालाच सांगायची. असे भारतात होईल का, याचा विचार रमाबाई करू लागल्या. कसोटी लवकरच आली.

१२.
१८९६-९७मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती वर्णने कानी येताच रमाबाईंच्या डोळ्यांपुढे मद्रास इलाख्यातले दिवस उभे राहिले. त्या स्वतः तेथे गेल्या. मदतकेंद्रांवर उपाशी मुली दलालांच्या हाती पडत होत्या. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी टप्प्याटप्प्याने आणल्या. पुरेसा निधी हाताशी नव्हता, जागा अपुरी होती, आणि नेमका पुण्यात प्लेग शिरला.

१३.
शहरात इतक्या जणींना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा पुण्याच्या पूर्वेला केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांनी मुक्काम हलवला. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी हेळसांड पाहून १८९७मध्ये त्यांनी 'बाँबे गार्डियन'ला खरमरीत पत्र लिहिले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. देवापुढे निर्भीडपणे उभी राहणारी ही बाई सरकारपुढेही खाली मान घालून उभी राहिली नाही. 'पॅरेसिया'चा जुना नागरी अर्थ येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

१४.
केडगावला 'मुक्ती सदन' उभे राहिले. येथे पहिल्या दुष्काळाशी असलेला फरक लख्ख दिसतो. डोंगरे कुटुंबाला कष्टाचे काम ठाऊक नव्हते. मुक्तीत प्रार्थनेच्या जोडीला विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, माग चालले, तेलघाणा फिरला, पुढे छापखाना निघाला. देवाजवळ मागायचे आणि पहाटे उठून कामाला लागायचे, यांत रमाबाईंना विसंगती दिसली नाही. दुष्काळाने शिकवलेला हा धडा होता.

१५.
१८९९-१९००च्या दुष्काळात, गुजरातेत ज्याला 'छप्पनियो' म्हणतात त्यात, आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या १९००च्या आसपास पोचली. सगळ्याच वाचल्या नाहीत. काहींची शरीरे उपासमारीने इतकी खंगली होती, की अन्न आणि औषधही उपयोगी पडले नाही. प्रार्थनेच्या इतिहासातून ही थडगी वगळली, तर तो इतिहास राहत नाही, जाहिरात होते.

१६.
१९०५च्या प्रारंभी रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करणारा गट जमवला. प्रथम सुमारे ७० जणी होत्या, नंतर संख्या वाढत गेली. वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता तेव्हा जगभर पसरत होत्या. जूनअखेर मुक्तीत तशीच लाट उसळली. मुली मोठ्याने रडत, पापे कबूल करीत, एकाच वेळी शेकडो जणी प्रार्थना करीत. हा गलबला काही मिशनऱ्यांनाही रुचला नाही. रमाबाईंचा सूर असा, की भारतीय बायकांनी देवाशी युरोपीय शिस्तीतच का बोलावे?

१७.
या प्रश्नाचे सर्वांत टिकाऊ उत्तर त्यांनी कागदावर दिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. भाषा खेड्यातल्या बाईला कळेल अशी हवी, हा निकष. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे स्त्रियाच करीत. जिला एके काळी पवित्र ग्रंथ ऐकण्याचाही अधिकार नव्हता, अशी बाई आता तो स्वतःच्या हातांनी छापत होती.

१८.
जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. संस्थेचा भार उचलणारी, आईची खरी वारसदार ती होती. तिच्यासाठी मुक्तीत प्रार्थना झाली नसेल, हे संभवतच नाही. रमाबाईंनी भाषांतर पुरे करत आणले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४मध्ये छापून बाहेर पडले.

१९.
पहिल्या दुष्काळात आईवडील गेले, शेवटी लेक गेली. मागितलेले मिळण्याची खात्री रमाबाईंना आयुष्याने कधीच दिली नाही. मग त्यांचा विश्वास कशावर उभा होता? त्यांच्या पत्रांतून आणि आत्मनिवेदनातून एकच उत्तर पुनःपुन्हा येते : आपले ऐकले जाते यावर, आणि त्यासाठी कोणाची शिफारस, दक्षिणा वा पुण्याईची शिल्लक लागत नाही यावर.

२०.
धर्मांतराच्या राजकारणात रमाबाईंची बाजू घेणारे आणि त्यांना दोष देणारे आजही आहेत, आणि तो वाद इतिहासाच्या कसोटीवर तपासलाच पाहिजे. परंतु एकोणिसाव्या शतकातील एका विधवेच्या दृष्टीने पाहिले, तर या प्रार्थनेचा आशय सामाजिकही होता. ज्या समाजात ती उंबरठ्याबाहेर उभी होती, तेथे तिने आपणहून आत पाऊल टाकले आणि मागून येणाऱ्यांसाठी दार उघडेच ठेवले. केडगावची संस्था आजही चालू आहे.