गालातल्या बाराचा मागोवा

निपाणी-चिकोडी भागातला माणूस तोंड दाखवायला आला की जाणता दंतवैद्य आधी विचारतो, तंबाखूचा बार कुठं धरता? उजव्या गालात, डाव्या, की खालच्या ओठाआड? पांढरा चट्टा बहुतेक वेळा नेमका तिथंच सापडतो. खरखरीत असतो, बोटाने पुसून जात नाही, आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच वर्षानुवर्षं कुणी तो दाखवत नाही. त्या चट्ट्यात पेशींचं काय चाललेलं असतं, हे शोधायचं तर सुरुवात तंबाखूच्या पानापासून करावी लागते. या मुलखात पान आधी आलं, रोगाचं ज्ञान फार उशिरा.

तंबाखू पोर्तुगिजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी गेला होता. तिथं त्याने ती पाहिली आणि नवलाची चीज म्हणून रत्नजडित हुक्क्यासह आग्र्याला नेली. बादशहाने दोन झुरके घेतले, तेव्हा दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. या पदार्थाबद्दल आमच्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, तो पारखून पाहिलेला नाही, असं त्याचं म्हणणं. युरोपातले शहाणे लोक घेतात ते उगीच का, असं उत्तर त्याला मिळालं. त्या अनाम हकिमाबद्दल मला फार आदर वाटतो. पारख करायची त्याची मागणी पुरी व्हायला साडेतीनशे वर्षं लागली. १६१७ साली जहांगीरने बंदी घातली, ती कुणी पाळली नाही. बेळगावचा किल्ला तेव्हा आदिलशाहीतच होता, म्हणजे हा सगळा प्रवास आपल्या अंगणातून झालेला आहे.

पुढे विडीचा धंदा वाढला आणि निपाणीच्या काळ्या जमिनीतल्या तंबाखूला नाव मिळालं. गावात वखारी उभ्या राहिल्या. पान कुटायचं, चाळायचं, प्रतवारी लावायची ही कामं बायकांकडे, दिवसभर धुळीत. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. वखारीतल्या बायकांच्या लढ्यावर दीपा धनराज आणि युगांतर गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. भाव आणि मजुरी, दोन्ही मागण्या शंभर टक्के रास्त होत्या. पण ज्या पानासाठी लोक रस्त्यावर बसले, ते पान त्यांच्याच गालात होतं, आणि ती गोष्ट कुणाच्या मागणीपत्रावर येण्यासारखी नव्हती.

आता बाराकडे बघू. पान वाळताना आणि साठवणीत मुरताना त्यात नायट्रोसमाइन नावाची रसायनं तयार होतात. बायका लावतात ती मशेरी तर तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली असते. भाजण्यात बेंझोपायरिनसारखी आणखी विषं निपजतात. ती पूड बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायची, सकाळी एकदा, दुपारी भाकरीनंतर एकदा, आणि पुष्कळ घरांत पोरीबाळींना दात घासायला म्हणून तीच द्यायची. बाराचा भिडू चुना. तळहातावर अंगठ्याने मळताना चुन्याचा क्षार निकोटीन मोकळं करतो आणि ते गालाच्या अस्तरातून झटकन रक्तात उतरतं. तलफ त्यामुळेच भागते. तोच चुना अस्तर भाजतोही, आणि भाजलेल्या अस्तरातून विषाला आत जायला वाट होते.

गालाचं अस्तर थरांचं असतं. तळाच्या थरातल्या लहान, गोल पेशी विभागत राहतात; नव्या पेशी वर सरकत चपट्या होतात आणि दोन-तीन आठवड्यांत लाळेतून झडून जातात. रोज तीच इजा झाली की पेशी प्रथम जुळवून घेते. नांगराच्या मुठीने तळहाताला घट्टा पडावा तसं अस्तर जाड होतं, वरच्या थरात केराटिन साठतं, आणि भिजल्यावर ते पांढरं दिसतं. हाच तो चट्टा. मार जास्त झाला तर पेशी फुगते: ऊर्जा कमी पडते, सोडियम बाहेर फेकणारा पंप मंदावतो, पाणी आत शिरतं. इथपर्यंत मागे फिरता येतं. पडदाच फाटला, कॅल्शियम आत घुसलं, ऊर्जा करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया निकामी झाल्या, की पेशी फुटून मरते आणि तिच्यातलं सांडून आजूबाजूला दाह माजतो.

मरणाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो समजायला १९७२ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियाचे जॉन कर यांनी उंदरांच्या यकृतात काही पेशी वेगळ्याच तऱ्हेने मरताना पाहिल्या होत्या: आक्रसून, लहान पुडक्यांत तुटून, शेजारच्या पेशींच्या पोटात गडप होत. दाह नाही, सांडलवंड नाही. वायली आणि करी यांच्यासह त्यांनी त्याला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिलं. ज्या पेशीचा डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला तिने असं आपणहून संपावं, ही शरीराची तजवीज. तिचा एक मोठा पहारेकरी म्हणजे पी-५३ हे प्रथिन. तंबाखूतली नायट्रोसमाइन डीएनएला चिकटतात, आणि कधी ना कधी घाव पी-५३ च्याच जनुकावर बसतो. मग मरायला हवी ती पेशी मरत नाही, विभागत राहते. बायोप्सीच्या काचेवर ते स्पष्ट दिसतं: पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद, थरांची शिस्त मोडलेली, तळाचा पडदा ओलांडून पेशींचे झुबके खाली उतरलेले, त्यांच्या मधोमध केराटिनचे गुलाबी मणी. गाठ वाढली की तिच्या मध्याला रक्त पुरत नाही, तिथल्या पेशी फुटून मरतात आणि तोंडाला ती घाण सुटते जी घरातल्या माणसांना कायमची आठवते. ज्या पेशींनी मरायचं त्या जगल्या, म्हणून पुढचं हे सगळं मरण.

ही पारख आपल्याकडे कुणी केली? रोग पेशीत शोधायचा हे बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोने १८५८ साली ठामपणे मांडलं. १९३३ मध्ये त्रावणकोरातल्या नेय्यूरहून डॉ. ऑर यांनी पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातल्या कॅन्सरवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. पण आपल्या माणसांच्या पेशी आपल्याच प्रयोगशाळेत पद्धतशीर पाहिल्या त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे होती. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा छापला. कोणत्या समाजात कोणती सवय, आणि त्या सवयीने कॅन्सर तोंडात नेमका कुठे, हा त्यांचा ध्यास. १९५५ साली संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी तंबाखू ओढणं-चघळणं आणि या कॅन्सरचं नातं आकड्यांनी दाखवलं. मुंबईच्याच डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ मध्ये तोंड आवळत नेणाऱ्या फायब्रोसिसचं वर्णन केलं. तो सुपारीचा प्रताप: तंतू वाढत जातात, गाल कडक होतो, आणि एक दिवस तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत.

तरुण पोरांत आज हेच जास्त दिसतं, कारण बाराची जागा सुपारी-तंबाखूच्या पुडीने, गुटख्याने घेतली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला, कर्नाटकाने मे २०१३ मध्ये. मधले महिने सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात, उघड विक्री, पलीकडे गुन्हा. त्यानंतर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी झाली, दोन्ही टपरीवर शेजारी टांगलेल्या, हातावर एकत्र करायच्या. पेशीला त्याने काही फरक पडत नाही, आणि कायद्यातली ही फट इतकी वर्षं उघडी राहावी याचा मला संताप येतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांच्या गटाने १९६० च्या दशकापासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन तोंडं तपासली. एकट्या पुणे जिल्ह्यात लाखावर माणसं, कितीतरी मशेरीवाल्या बायका त्यांत. पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या ३६,००० तंबाखू घेणाऱ्यांना त्यांनी नुसतं समजावून सांगितलं, पुनःपुन्हा, घरी जाऊन, आणि काय झालं ते १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. केरळातल्या एर्नाकुलममध्ये, जिथं लोकांनी बऱ्यापैकी ऐकलं, तिथं नवे चट्टे उठण्याचं प्रमाण घटलं. सोडणाऱ्यांपैकी अनेकांचे जुने चट्टेही विरले. तळाच्या थरात शाबूत पेशी शिल्लक असतात तोवर त्या नवं अस्तर विणत राहतात. रोजची इजा तेवढी थांबावी लागते. निपाणीच्या वखारीतली बाई मशेरीची डबी बाजूला ठेवते तेव्हा तिच्या हिरडीवरही हेच काम सुरू होतं, मात्र पी-५३ तोवर जागेवर असायला हवं, आणि ते आहे की नाही हे बायोप्सीशिवाय, नुसत्या चट्ट्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही.