नेटवर्क नसतानाही भामरागड परिसरातली वारसास्थळं मोबाइलवर कशी शोधायची?

‘माझ्या जवळची ठिकाणं’ असं टाइप केलं की पुण्या-मुंबईत शंभर पर्याय समोर येतात. भामरागडला तेच केलं तर मोजकीच नावं दिसतात, तीही रेंज असेल तर. पण इथे बघण्यासारखं कमी आहे असं नाही. इथली बरीच ठिकाणं अजून नीट मॅपवर आलेली नाहीत, एवढंच. म्हणून शोधण्याची पद्धत थोडी बदलावी लागते.

१. आधी मॅप डाउनलोड करा

आलापल्लीच्या पुढे नेटवर्कचा भरवसा धरू नका. वायफाय असतानाच गूगल मॅप्स उघडा, प्रोफाइल फोटोवर टॅप करा, ‘ऑफलाइन मॅप्स’मध्ये जा आणि चौकोनात आलापल्ली, हेमलकसा, भामरागड हा पट्टा घेऊन डाउनलोड करा. ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता दिसतो, पण पायी रस्ता आणि ट्रॅफिक दिसत नाही. पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे मोफत अ‍ॅप सोबत ठेवा.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, सिग्नल थेट उपग्रहाकडून येतो. फक्त नेट नसताना पहिल्यांदा लोकेशन सापडायला जरा वेळ लागतो. अशा वेळी झाडाखालून मोकळ्या जागी या.

२. नेमकं नाव टाकून शोधा

‘टुरिस्ट प्लेस’ असं शोधण्यापेक्षा ही नावं टाका:

- त्रिवेणी संगम, भामरागड: इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्या इथे मिळतात.
- लोकबिरादरी प्रकल्प, हेमलकसा: बाबा आमटे यांनी 1973 मध्ये सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना 2008 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.
- मार्कंडा देवस्थान, चामोर्शी तालुका: वैनगंगेकाठचा कोरीव मंदिरसमूह. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.
- वैरागड किल्ला, आरमोरी तालुका.
- झाडीपट्टी नाटक: ही जागा नव्हे, कला आहे. नाट्यमंडळांचं मोठं केंद्र देसाईगंज (वडसा). दिवाळीनंतर गावोगावी प्रयोग सुरू होतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

मराठी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत शोधा, कारण स्पेलिंग बदललं की निकाल बदलतात. जुनी माहिती हवी असेल तर ‘चांदा जिल्हा’ असंही टाका. गडचिरोली हा वेगळा जिल्हा 1982 मध्ये झाला. त्याआधीचे उल्लेख चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या नावाखाली सापडतात.

३. मॅपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि भामरागडचा संपर्क तुटतो. ऑफलाइन मॅपला हे कळत नाही, तो निळी रेघ दाखवतच राहतो. निघण्याआधी एसटी स्टँडवर किंवा ओळखीच्या माणसाला फोन करून विचारा. पुलावर पाणी असेल तर थांबा.

४. आपल्या गावाची जागा तुम्हीच जोडा

मॅपवर गावाचं नाव चुकलंय किंवा जुनं मंदिर नाहीच? गूगल मॅप्समध्ये ‘योगदान’ टॅबवरून ठिकाण जोडता येतं. पत्ता नसेल तर मॅपवर बोट दाबून धरा, पिन पडेल आणि तपशिलात ‘प्लस कोड’ दिसेल. तो कोड मेसेजने पाठवला की समोरच्याला नेमकी जागा सापडते.

५. पिन टाकण्याआधी विचारा

भामरागडमध्ये माडिया गोंड समाज राहतो. गोटुल आणि देवस्थानं ही त्यांची रोजची, जिवंत जागा आहे, प्रदर्शनातली वस्तू नाही. एकदा लोकेशन पसरलं की अनोळखी गाड्या थेट दारात येतात आणि मग डिलीट करूनही उपयोग होत नाही. म्हणून गावातल्या जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय अशी जागा मॅपवर टाकू नका. लोकांचे, विशेषतः मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. फोटो टाकायचाच असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करा.

थोडक्यात: मॅप आधी उतरवा, नेमकं नाव शोधा, रस्त्याची खात्री माणसाकडून करा. आणि गावानं होकार दिला तरच पिन टाका.