पेणचे दप्तर शोधायचे कोठे?

१/ पेण तालुक्याचा १८५० च्या दशकातील इतिहास शोधणाऱ्याने दप्तराच्या सूचीत 'रायगड जिल्हा, पेण तालुका' असे पाहिले, तर पदरी निराशाच येईल. तेव्हा या तालुक्याचे सरकारी नाव सांक्षी होते, ते सांक्षी किल्ल्यावरून पडलेले. आणि रायगड नावाचा जिल्हाच नव्हता.

२/ १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. पुढे तो ठाणे जिल्ह्यात मोडू लागला. १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले. १८५३ मध्ये सांक्षी, राजपुरी व रायगड हे तालुके त्याला जोडून ठाण्याच्या अधीन कुलाबा उपजिल्हा झाला. १८६९ मध्ये कुलाबा स्वतंत्र जिल्हा बनला आणि १९८१ मध्ये त्याला रायगड हे नाव मिळाले.

३/ म्हणजे १८५३ च्या कागदातील 'रायगड' हा एक तालुका, तर आजचा रायगड हा अख्खा जिल्हा. रोह्याचेही तसेच: कोठे रोहे, कोठे रोहा, तर नगरपालिका रोहा-अष्टमी.

४/ मग जुने कागद आजच्या नावांखाली का लावू नयेत? कारण अभिलेखशास्त्राचा मूळ नियम. १८४१ मध्ये फ्रान्सने तो सरकारी पातळीवर स्वीकारला: कागद ज्या कार्यालयात निर्माण झाले, त्याच्याच दप्तरात ते एकत्र राहावेत. तेथून हलवले की ते कोणी, कोणत्या अधिकाराने लिहिले, हा संदर्भच तुटतो.

५/ यावरचा उपाय आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेच्या दोन मानकांत आहे. 'इसाड (जी)' (१९९४) दप्तराचे वर्णन कसे करावे ते सांगते: शीर्षक, काळ, व्याप्ती, आशय. 'इसार (सीपीएफ)' (१९९६, सुधारित २००४) दप्तर निर्माण करणाऱ्याचे, म्हणजे संस्था, व्यक्ती किंवा घराणे यांचे वर्णन स्वतंत्रपणे करते.

६/ कुलाबा जिल्हा कचेरीची अशी नोंद केली, तर तीत अधिकृत नाव, पर्यायी नावे, अस्तित्वाचा काळ, कार्यक्षेत्र, अधिकार आणि आधीच्या-नंतरच्या कचेऱ्यांशी असलेले नाते येईल. आंग्रे घराण्याचीही वेगळी नोंद होईल. ही नोंद एकदाच करायची आणि संबंधित प्रत्येक दप्तराशी जोडायची. मग 'पेण' शोधणारा 'सांक्षी'पर्यंत आपोआप पोहोचतो आणि कागद मात्र जागचा हलत नाही.

७/ अशी नोंद नसेल, तर पेणच्या मिठागरांचा किंवा रोह्याच्या शेतसाऱ्याचा कागद रुमालात सुखरूप असूनही अभ्यासकाला सापडत नाही. म्हणून कागद कोठे आहे हे विचारण्याआधी तो कोणत्या कचेरीने, कोणत्या नावाने लिहिला असेल, हे विचारावे.