पडदा थिजला, यंत्र जागे

नाटकाचा पडदा मध्येच अडकला म्हणजे प्रेक्षकांत जी चुळबूळ सुरू होते, ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. समोर काही हलत नाही. पण म्हणून नाटकमंडळी मेली असे कोणी समजत नाही. आत नट तोंडाला रंग लावून उभे असतात आणि दोष असतो तो वरच्या दोरीचा किंवा कप्पीचा. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हा विवेक सोडतो. पडद्यावरचा बाण थांबला की यंत्रच गेले असे म्हणून मोकळे होतो. ही समजूत खोटी का, याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास मोठा रंजक आहे.

संगणक आमच्या नंदुरबार जिल्ह्याला आता परका राहिलेला नाही. देशातली पहिली आधार क्रमांकपत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादे तालुक्यातल्या टेंभली गावी वाटली गेली. परंतु कचेरीत संगणक येणे वेगळे आणि खेड्यातल्या पोरीच्या हाताखाली येणे वेगळे. आमच्या वर्गाच्या वाट्याला आला तो कोणीतरी वापरून टाकलेला, दोन गिगाबाइट स्मृतीचा एक लॅपटॉप. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीला मिळणारी मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि अकरावी आवृत्ती असल्या वृद्ध यंत्रावर चढत नाही. तेव्हा आम्ही त्यावर लिनक्स बसवले. लिनक्स फुकट मिळते, आणि ते उघडून पाहण्याची, बदलण्याची, दुसऱ्याला देण्याची मुभा असते.

नववीच्या मुली त्यावर आपापल्या आज्यांच्या पावरी बोलीतल्या गोष्टी देवनागरीत उतरवू लागल्या. तिसऱ्याच दिवशी पडदा थिजला. बाण हलेना, घड्याळाचा काटा सरकेना. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, कळ दाबून बंद करा, आणि खरे सांगू का, भंगारातच द्या." मी कळीकडे हात नेला तशी टंकलेखन करणारी मुलगी कळवळून म्हणाली, "सर, बंद करू नका. आजीची गोष्ट अजून सेव्ह केली नाही. आजी आता परत सांगायची नाही, तिला आठवत नाही."

आता इतिहासाकडे वळू. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली रचायला घेतली. ती जन्मली एका फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ यंत्रावर. म्हणजे या घराण्याचा मूळ पुरुषच मुळी अडगळीतल्या यंत्रावर वाढला! एका यंत्रावर पुष्कळ माणसांनी एकाच वेळी काम करावे, प्रत्येकाने आपल्या टंकयंत्रावरून आज्ञा धाडावी, अशी तिची घडण होती. त्या टंकयंत्राला इंग्रजीत टेलिटाइप म्हणत. त्यावरून पडलेले 'टीटीवाय' हे नाव आजच्या लिनक्समध्येही टिकून आहे. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तारेच्या त्या चुलत भावाचे नाव अजून संगणकाच्या पोटात नांदत आहे.

युनिक्सला चित्रांचा पडदा नव्हता. तो १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तयार होऊ लागला, आणि त्याचे नाव 'एक्स'. तेथे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे होती. त्या सर्वांवर चालेल अशी खिडक्यांची व्यवस्था हवी होती. म्हणून एक्स हा यंत्राच्या गाभ्यात न गुंफता वेगळा कार्यक्रम म्हणून रचला गेला. पुढे १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने घरच्या संगणकासाठी युनिक्सच्या धर्तीवर नवा गाभा लिहिला. २५ ऑगस्ट रोजी त्याने तो जगाला कळवला, तेव्हा हा केवळ छंद आहे असेच तो म्हणत होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरी होती. आमच्या मुलींची गोष्ट ज्या दोन खांबांवर उभी होती, ते दोन्ही एकाच सालचे!

या गाभ्यावर आणि पडद्यावर शोभिवंत घर बांधणारे आणखी निराळे. १९९६ साली केडीई आणि एक्सएफसीई, १९९७ साली नोम. आता पुष्कळ ठिकाणी एक्सची जागा २००८ साली सुरू झालेल्या वेलँडने घेतली आहे. पण गाभा आणि पडदा यांच्यामधली भिंत तशीच आहे. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या काळांतल्या माणसांनी हे मजले वेगवेगळे चढवले. म्हणूनच वरचा मजला कोसळला तरी तळघरातला दिवा जळत राहू शकतो.

त्या दिवशी आम्ही तळघरातच उतरलो. प्रथम कॅप्स लॉक दाबून पाहिला. त्याचा दिवा, उशिराने का होईना, लागला. अर्थात गाभा जागा होता. तबकडीचा दिवा तर एकसारखा लुकलुकत होता. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या किल्ल्या एकदम दाबल्या. (काही लॅपटॉपवर एफएन ही किल्लीही सोबत धरावी लागते.) मिनिटभराने काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली, आणि त्यांत तेच जुने टीटीवाय! नाव घातले, संकेतशब्द घातला. तो घालताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्याने दचकू नये. 'फ्री' ही आज्ञा दिली तर स्मृती जवळजवळ संपलेली. 'टॉप' ही आज्ञा देऊन मोठा एम दाबला तर सर्वाधिक स्मृती खाणारे वर आले: पहिला ब्राउझर, त्याखाली नोम.

रोग उमगला. स्मृती भरली की गाभा तिच्यातला काही मजकूर तबकडीवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. ओट्यावरचे डबे भरले म्हणून दर चिमूटभर मिठासाठी शेतातल्या कोठारापर्यंत धावावे, तसे हे. फिरती तबकडी स्मृतीपेक्षा हजारो पटींनी मंद. यंत्र मेले नव्हते, धावून धावून दमले होते.

ब्राउझरचा क्रमांक पाहून 'किल' ही आज्ञा दिली. नाव क्रूर आहे, पण मूळ अर्थ "बाबा रे, आवरते घे" एवढाच. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-२ दाबून परत वर आलो. (कोठे कोठे एफ-१ दाबावा लागतो.) बाण हलला, घड्याळ पुढे सरकले आणि आजीची गोष्ट शेवटच्या अक्षरापर्यंत जशीच्या तशी होती. मुलीने श्वास सोडला तो सेव्ह केल्यावरच.

पडदा पहिल्यापासूनच काळा असेल, तर रोग बहुधा चित्रचिपेच्या चालकात असतो. तेव्हा सुरुवातीच्या ग्रब यादीत ई दाबून 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अखेरीस 'नोमोडसेट' लिहावे आणि एफ-१० दाबावा. तळघराचेही दार उघडले नाही, तर ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे क्रमाने, सावकाश दाबावीत: यंत्र कार्यक्रमांना आवरायला सांगते, तबकडीवरचे लेखन पुरे करते आणि मग नव्याने सुरू होते. काही वितरणांत यातल्या काही किल्ल्या आधीच बंद असतात. कळ दाबून धरणे हा अगदी शेवटचा उपाय.

कायमचा इलाज मात्र निराळा होता. आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पारखणारा कोणीही सांगेल की म्हाताऱ्या तट्टावर अंबारी चढवू नये. नोमने २०११ साली जे नवे रूप घेतले, ते थाटाचे आहे, पण वजनदार आहे. आम्ही त्याच्या जागी एक्सएफसीई बसवले, आणि तेव्हापासून ते तट्टू दुडक्या चालीने चालते आहे.

यात नवल नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती जे छोटे लॅपटॉप आले, त्यांची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती आणि त्यांतही लिनक्सच होते. पेहराव हलका होता, म्हणून ते चालले. यंत्राचे वय पाहून त्याला भंगारात काढण्याआधी त्याच्या अंगावरचे ओझे मोजावे. आमच्या त्या लॅपटॉपवर आता अकरा आज्यांच्या गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या दोघी हयात नाहीत.